गोधडीची किनार: पट्टी सरळ, भरीव आणि एकसारखी बसवण्याची रीत

गोधडी विरायला सुरुवात होते ती बहुधा कडेपासून. रात्री अंगावर ओढताना हात कडेलाच जातो, दोरीवर वाळत टाकताना ओल्या गोधडीचे ओझे कडेला धरूनच उचलले जाते, आणि दगडावर किंवा मशीनमध्ये धुताना सपाट भागापेक्षा कडेची दुमड अधिक घासली जाते. त्यामुळे मधला धावदोरा कितीही बारीक आणि देखणा असला, तरी किनारीची पट्टी नीट बसली नसेल तर गोधडीचे आयुष्य कमी होते आणि ती अंथरल्यावर पहिल्या नजरेत दिसते तीही ती वाकडी कडच.

पट्टी लावण्याची ही रीत मी वयाने आणि अनुभवाने मोठ्या बायकांच्या शेजारी बसून, आणि पुष्कळ वेळा लावलेली पट्टी उसवून शिकले. त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. पट्टी कमी-जास्त रुंद दिसणे, तिच्यावर लाटा पडणे, कोपरा गोल होणे किंवा पट्टी आतून पोकळ लागणे, हे दोष पट्टी शिवताना दिसू लागतात, पण त्यांचे मूळ बहुतेक वेळा त्याआधीच्या कामात असते. गोधडीची कड काटकोनात आणि योग्य मापात आणण्याचे काम मन लावून केले, तर पुढची शिलाई साध्या हातालाही जमते. म्हणून या लेखात पट्टी लावण्याइतकीच जागा त्यापूर्वीच्या तयारीला दिली आहे.

मापांविषयी एक सूचना. खाली सर्व मापे इंच आणि सूत यांत दिली आहेत. 8 सूत म्हणजे 1 इंच. पाव इंच म्हणजे 2 सूत आणि अर्धा इंच म्हणजे 4 सूत हे लक्षात ठेवले, की पट्टीचा हिशेब तोंडी करता येतो.

वेगळी पट्टी हवी की दुमड पुरे?

आपल्याकडच्या कित्येक जुन्या गोधड्यांना आणि वाकळांना वेगळी पट्टी नसते. खालचे लुगडे चारही बाजूंनी दीड-दोन इंच मोठे ठेवून ते वर दुमडून घेतात, किंवा वरचा आणि खालचा असे दोन्ही थर आत वळवून कड बंद करतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजातील स्त्रिया कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवतात तेव्हाही कडा आत दुमडूनच कामाला सुरुवात करतात आणि धावदोऱ्याचे फेरे बाहेरून मध्याकडे नेतात. कोपऱ्यांवर त्या ‘फुला’ नावाचे घडीचे त्रिकोणी तुकडे बसवतात. ही रीत सोपी आहे आणि तिला वेगळे कापड लागत नाही. मात्र कड विरली की अस्तरच विरते, आणि मग दुरुस्तीसाठी आख्ख्या गोधडीला हात घालावा लागतो. वेगळी दुहेरी पट्टी लावली असेल, तर आठ-दहा वर्षांनी ती उसवून नवी लावता येते आणि आतली गोधडी शाबूत राहते. रोज वापरायच्या गोधडीला मी वेगळीच पट्टी लावते.

कड तयार करणे

गोधडीचे सगळे धावदोरे अगदी कडेपर्यंत पूर्ण झाल्याशिवाय पट्टीचा विचार करू नये. मध्ये दाट टाके आणि कडेचा चार-पाच इंचांचा पट्टा मोकळा, अशी गोधडी असेल तर मधला भाग टाक्यांनी आकसतो, कडेचा भाग मात्र पूर्वीच्याच लांबीचा राहतो आणि कडेला झालरीसारख्या लाटा येतात. अशा कडेवर लावलेली कोणतीही पट्टी सरळ बसणार नाही. टाक्यांच्या ओळींमध्ये जे अंतर मध्यावर आहे, तेच कडेलाही असावे.

त्यानंतर गोधडी फरशीवर किंवा मोठ्या टेबलावर ताण न देता अंथरावी. हाताने सुरकुत्या सारख्या कराव्यात, पण खेचू नये. आता लांबी तीन ठिकाणी मोजावी: दोन्ही कडांना आणि बरोबर मध्यावर. रुंदीही तशीच तीन ठिकाणी मोजावी. समजा, लांबी मध्यावर 90 इंच, एका कडेला 91 आणि दुसऱ्या कडेला पावणेएक्याण्णव इंच भरली, तर कड सैल झाली आहे असे समजावे आणि यापुढे 90 हेच खरे माप धरावे. मधले माप प्रमाण मानणे हा या सगळ्या कामाचा पाया आहे, कारण कडेचे कापड हाताळणीत ताणले गेलेले असते आणि मधले सहसा तसे नसते.

काटकोन पाहण्यासाठी गवंड्यांची रीत उत्तम चालते. कोपऱ्यापासून एका कडेवर 3 फुटांवर आणि दुसऱ्या कडेवर 4 फुटांवर खडूने खूण करावी. दोन्ही खुणांमधले तिरके अंतर बरोबर 5 फूट भरले, तर कोपरा काटकोनात आहे. अंतर जास्त भरले तर कोपरा उघडा आहे, कमी भरले तर मिटलेला. चारही कोपरे पाहून झाल्यावर गोधडीचे दोन्ही कर्णही मोजावेत. ते सारखे असावेत. जुन्या लुगड्यांच्या गोधडीत एक-दीड सुताचा फरक राहिला तर बिघडत नाही, पण इंचाचा फरक असेल तर पट्टी लावल्यावर तो लपत नाही, उलट पट्टीच्या ठळक रेषेमुळे अधिकच उठून दिसतो.

खुणा झाल्या की लांब पट्टी किंवा सरळ लाकडी फळी ठेवून चारही बाजूंना खडूने कापण्याची रेषा आखावी. मात्र लगेच कापू नये. आखलेल्या रेषेच्या आत दीड सुतावर सर्व थरांतून कच्चा धावदोरा घालून घ्यावा आणि मगच रेषेवर धारदार कात्रीने कापावे. आधी कापले, तर सात-आठ थरांच्या गोधडीत मधले थर सरकतात आणि कड पायऱ्या पडल्यासारखी होते. कच्चा दोरा पुढे पट्टीच्या आत झाकला जातो, त्यामुळे तो काढण्याची गरज नसते.

याच कच्च्या दोऱ्याचा दुसरा उपयोग सैल कड आकसून घेण्यासाठी होतो. वरच्या उदाहरणात कड 91 इंच आणि मध्य 90 इंच आहे. दोरा हलकेच ओढून तो एक इंच साऱ्या लांबीवर सारखा पसरवावा. चुण्या पडलेल्या दिसता कामा नयेत, कापड फक्त किंचित फुगल्यासारखे वाटावे. 90 इंचांत इंच-दीड इंचापर्यंतचा फरक असा सहज जिरतो. फरक त्याहून मोठा असेल, तर कडेचे दोन-तीन फेरे उसवून पुन्हा घालणे हाच प्रामाणिक उपाय आहे. एवढे काम पुन्हा करायचे या विचाराने मन खट्टू होते हे खरे, पण ते टाळून लावलेली पट्टी मला शेवटी नेहमीच उसवावी लागली आहे.

पट्टीचे कापड

पट्टीला शुद्ध सुती, घट्ट विणीचे आणि मध्यम जाडीचे कापड निवडावे. मलमल फार लवकर विरते. जाड खादी कोपऱ्यात गोळा होते. सिंथेटिक साडीची पट्टी दुमडून बसत नाही आणि सुती गोधडीबरोबर ती आकसतही नाही, त्यामुळे दोन-तीन धुण्यांनंतर कड वाकडी दिसू लागते.

कापड नवे असेल तर ते कोमट पाण्यात भिजवून, वाळवून आणि इस्त्री करूनच कापायला घ्यावे. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आकसते. आकसलेल्या पट्टीमुळे गोधडीची कड आत ओढली जाते आणि मध्यभागी फुगवटा येतो. लाल, किरमिजी आणि गडद निळ्या कापडाचा रंग जातो की नाही हे पाहण्यासाठी त्याचा ओला तुकडा पांढऱ्या फडक्यावर ठेवून वरून गरम इस्त्री फिरवावी. फडक्यावर रंग उतरला, तर रंग जाणे थांबेपर्यंत कापड पुन्हा पुन्हा धुवावे. एका पांढऱ्या दुपट्याला मी घाईने न धुतलेली लाल पट्टी लावली होती आणि पहिल्याच धुण्यात त्याच्या चारही बाजूंना गुलाबी डाग पसरले. ते डाग पुढे कधीच पूर्ण गेले नाहीत.

जुन्या नऊवारीची पट्टी करायची असेल तर तिला एक मोठा फायदा आहे. नऊ वार म्हणजे 324 इंच. 60 बाय 90 इंचांच्या गोधडीचा परीघ 300 इंच होतो. म्हणजे लुगड्याच्या लांबीत काढलेली एकच अखंड पट्टी, मधे एकही सांधा न देता, आख्ख्या गोधडीभोवती फिरू शकते. शिवाय लांबीच्या दिशेचे धागे आडव्या धाग्यांपेक्षा कमी ताणले जातात, त्यामुळे ही पट्टी लाटा धरत नाही. मात्र वापरलेले लुगडे आधी उजेडासमोर धरून पाहावे. जिथून उजेड अधिक येतो तो भाग विरलेला असतो, आणि विरलेले कापड गोधडीच्या पोटात चालते पण कडेला चालत नाही. कापड जुने आणि लुळे असेल, तर त्याला तांदळाच्या पेजेची किंवा साबुदाण्याची पातळ खळ देऊन इस्त्री करावी. खळीमुळे पट्टीला ताठपणा येतो, कापताना ती सरकत नाही, घडी धारदार बसते, आणि पहिल्या धुण्यात खळ निघून जाते.

लुगड्याचा काठ पट्टी म्हणून लावण्याचा मोह बहुतेकांना होतो, आणि सुती काठ असेल तर तो शोभतोही. इरकली लुगड्याचा काठ फिक्या गोधडीला फार सुंदर दिसतो. काठाची बाहेरची कोर विणीतच बंद असल्यामुळे ती आत दुमडावी लागत नाही आणि मागच्या बाजूची जाडी कमी होते. पण काठाची वीण अंगाच्या विणीपेक्षा घट्ट असते आणि धुतल्यावर ती वेगळ्या प्रमाणात आकसू शकते, म्हणून काठ नेहमी भरपूर धुतलेल्या लुगड्याचाच घ्यावा. जरीचा काठ अंगाला टोचतो आणि दुमडीवर तुटतो. तो पट्टीसाठी घेऊ नये.

उरेब पट्टी, म्हणजे कापडाच्या तिरप्या दिशेने कापलेली पट्टी, सरळ कडेच्या गोधडीला आवश्यक नसते. ती ताणली जाते, आणि नव्या हाताने लावली तर हमखास लाटा पडतात. तिचे दोन उपयोग मात्र खरे आहेत. कोपरे गोल ठेवायचे असतील, तर सरळ पट्टी वळणावर चुण्या धरते आणि उरेब पट्टीच चालते. दुसरे असे की सरळ पट्टीत दुमडीच्या धारेवर एक-दोनच धागे सतत घासले जातात, तर उरेब पट्टीत ती झीज अनेक धाग्यांवर वाटली जाते. त्यामुळे रोजच्या धुण्यातल्या, गोल कोपऱ्यांच्या लहान दुपट्याला उरेब पट्टी अधिक टिकते.

रुंदीचा हिशेब

पट्टी दुहेरी घ्यावी, म्हणजे लांबीत मधोमध दुमडून तिची घडी घालावी आणि दोन्ही कापीव कडा एकत्र ठेवून ती शिवावी. दुमडीवरचा एक थर विरला तरी दुसरा त्याच्या खाली असतो.

समोरून पट्टी जेवढी रुंद दिसायला हवी, तेवढीच शिवणीची माया (टीप आणि कापीव कड यांच्यामधले कापड) ठेवावी, म्हणजे पट्टी आतून पूर्ण भरते. आता घडी घातलेली पट्टी कुठे कुठे खर्च होते ते पाहू. मायेत एकदा, समोरच्या दर्शनी रुंदीत एकदा, मग गोधडीच्या जाडीवरून वळताना, आणि शेवटी मागच्या बाजूला पुन्हा एकदा. शिवाय मागची टीप झाकण्यासाठी 1 सूत अधिक हवे. हे सर्व दुप्पट केले की न दुमडलेल्या पट्टीची रुंदी मिळते. म्हणजे मायेची सहापट, अधिक जाडीची दुप्पट, अधिक 2 सूत.

दाबून धरल्यावर साधारण 2 सूत जाड भरणाऱ्या गोधडीला 3 सुतांची माया घेतली, तर 18 अधिक 4 अधिक 2, म्हणजे 24 सूत, अर्थात 3 इंच रुंदीची पट्टी लागते. सुतभर जाडीच्या बाळाच्या दुपट्याला 2 सुतांची माया धरून 16 सूत, म्हणजे 2 इंच पुरतात. 3 सूत जाडीच्या भारी वाकळीला अर्धा इंच, म्हणजे 4 सुतांची माया घेतल्यास 32 सूत, म्हणजे 4 इंच लागतात. जाडी मोजताना गोधडी बोटांच्या चिमटीत दाबून धरावी, कारण पट्टीही तिला तशीच दाबणार असते. सगळ्या पट्ट्या कापण्यापूर्वी वीतभर लांबीची एक पट्टी कापून गोधडीच्या कडेवर टाचण्यांनी लावून पाहावी. कापडाच्या जाडीनुसार रुंदीत सूत-दोन सुतांचा बदल करावा लागतो आणि तो याच वेळी कळतो.

लांबीसाठी परिघात 12 इंच मिळवावेत. 60 बाय 90 इंचांच्या गोधडीला 312 इंच पट्टी लागेल. 44 इंच पन्ह्याचे कापड घेतले आणि काठ काढून 42 इंच धरले, तर 3 इंची आठ पट्ट्यांचे 336 इंच होतात. प्रत्येक तिरक्या सांध्यात पट्टीच्या रुंदीइतकी लांबी खर्च होते, म्हणजे सात सांध्यांत 21 इंच गेले आणि 315 उरले. आठ पट्ट्यांना 24 इंच कापड लागते. आकसणे आणि कड सरळ करणे धरून पाऊण मीटर आणावे.

पट्ट्या धाग्याला धरून काढाव्यात. सुती कापड फाडले तर ते बरोबर धाग्यावर फाटते, पण फाडलेली कड गुंडाळली जाते आणि सूतभर ताणलीही जाते, म्हणून फाडल्यावर इस्त्री करून रुंदी पुन्हा मोजावी. कापायचे असल्यास एक धागा ओढून काढावा आणि त्याच्या खुणेवर कापावे.

सांधे तिरकेच द्यावेत. सरळ सांध्यात सगळ्या माया एकाच जागी साठतात आणि तिथे पट्टीवर गाठ आल्यासारखी दिसते. दोन पट्ट्यांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून त्यांची टोके काटकोनात एकमेकांवर ठेवावीत, प्रत्येक टोक 2 सूत बाहेर राहू द्यावे, आणि तिरकी टीप अशी घालावी की दोन्ही टोके टिपेच्या एकाच बाजूला राहतील. 2 सूत माया ठेवून बाकीचे कापावे आणि माया दोन्हीकडे उघडून इस्त्री करावी. सर्व पट्टी जोडून झाल्यावर ती लांबीत दुमडून इस्त्री करावी आणि गुंडाळी करून ठेवावी.

पट्टी शिवणे

कोणत्याही कोपऱ्यापासून न सुरू करता एका बाजूच्या मध्याच्या जवळपास सुरुवात करावी. शिवण्यापूर्वी पट्टी नुसतीच गोधडीभोवती फिरवून पाहावी आणि एखादा सांधा कोपऱ्यावर येत असेल तर सुरुवातीची जागा हलवावी. कोपऱ्यावर आलेला सांधा कधीच नीट दुमडत नाही.

गोधडीची सुलट बाजू वर ठेवून पट्टीच्या दोन्ही कापीव कडा गोधडीच्या कडेशी जुळवाव्यात. इथे मधल्या मापाचा उपयोग करावा. बाजूचे माप 90 इंच धरले आहे, तर गोधडीच्या त्या कडेचे चार समान भाग करून टाचण्या लावाव्यात, आणि पट्टीवर दर साडेबावीस इंचांवर पेन्सिलीची खूण करावी. सुरुवात बाजूच्या मध्यावरून होत असेल तर पहिल्या अर्ध्या भागाला दोन खुणा पुरतात. खुणा टाचण्यांशी जुळवून मग मधल्या टाचण्या लावाव्यात. पट्टी अंदाजाने लावत गेले, की हात नकळत ती ताणतो आणि समोरासमोरच्या दोन बाजू वेगवेगळ्या लांबीच्या होतात.

मशीनवर शिवताना 16 नंबरची सुई आणि सुती दोरा घ्यावा. टाके इंचाला आठ ते दहा ठेवावेत. पायाच्या जुन्या काळ्या मशीनवर पायाच्या दांडीच्या वर दाबाचा स्क्रू असतो, तो थोडा सैल करावा, नाहीतर वरची पट्टी पुढे ढकलली जाते. सैल झालेली कड नेहमी खाली ठेवावी, कारण मशीनचे दाते खालचे कापड किंचित जास्त ओढून घेतात आणि फरक जिरवतात. गोधडीचे वजन टेबलावर किंवा शेजारच्या खुर्चीवर राहील असे पाहावे. ते खाली लोंबू लागले, की सुईजवळ कापड खेचले जाते आणि माया कमी-जास्त होते.

मायेची एकसारखी रुंदी हीच पट्टीची एकसारखी रुंदी, म्हणून ती डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये. सुईपासून बरोबर 3 सुतांवर मशीनच्या पाट्यावर चिकटपट्टीचे तीन-चार थर लावून एक लहानसा कठडा करावा आणि कापडाची कड त्याला टेकवून शिवावे. शिवताना नजर सुईवर न ठेवता त्या कठड्यावर ठेवावी.

मशीन नसेल किंवा गोधडी मशीनच्या पायाखाली जात नसेल, तर हाताने शिवता येते आणि ते कमी प्रतीचे मुळीच नाही. 3 सुतांवर खडूची रेषा आखून बारीक धावदोरा घालावा आणि दर तीन-चार टाक्यांनंतर एक टाका मागे घ्यावा. सुई सर्व थरांतून उभी खाली जाते की नाही ते मागे पाहून तपासत राहावे. तिरपी गेली, तर मागची शिवण मायेच्या बाहेर भरकटते.

कोपरा

कोपऱ्याला घाबरण्याचे कारण नाही, पण इथे मापात सुताचीही सूट घेऊ नये. शिवत कोपऱ्याजवळ आल्यावर पुढची कड जेवढ्या मायेवर असेल, तेवढ्या अंतरावर थांबावे. आपली माया 3 सूत आहे, म्हणून कडेपासून बरोबर 3 सुतांवर. ही जागा आधीच पेन्सिलीने ठिपका देऊन ठेवावी. तिथे दोन टाके मागे घेऊन दोरा तोडावा आणि गोधडी मशीनमधून बाहेर घ्यावी.

आता गोधडी अशी फिरवावी की शिवून झालेली बाजू वर येईल आणि शिवायची बाजू उजव्या हाताला राहील. पट्टीचे मोकळे टोक आडवे उजवीकडे गेलेले असेल. ते सरळ वर उचलावे, म्हणजे कोपऱ्यावर तिरकी घडी पडेल आणि पट्टीच्या कापीव कडा गोधडीच्या उजव्या कडेच्या बरोबर रेषेत वर जातील. ही तिरकी घडी बोटाने दाबून धरावी आणि तीच पट्टी पुन्हा खाली आणावी. खाली आणताना वर पडणारी दुसरी घडी गोधडीच्या वरच्या कडेशी तंतोतंत जुळली पाहिजे. ती सूतभर खाली राहिली तर कोपरा बोथट होतो, वर गेली तर टोकाला पोकळ कान राहतो. जुळल्यावर टाचणी लावावी आणि अगदी वरच्या घडीपासून शिवायला सुरुवात करावी. पुढच्या बाजूचे माप याच घडीच्या काठापासून नव्याने मोजावे.

पहिला कोपरा शिवून झाला की पट्टी मागे वळवून तो पाहून घ्यावा. समोर टोकापासून आतपर्यंत सरळ तिरकी रेष पडली, तर माप बरोबर आहे. घडीजवळ कापड ताणलेले दिसले, तर आपण ठिपक्याच्या पुढे शिवले आहे, आणि दोन टाके उसवले की कोपरा सुटतो.

शेवटचा सांधा

सुरुवातीला पट्टीचे 10 इंच न शिवता मोकळे सोडलेले असावेत, आणि शेवटीही सुरुवातीच्या टाक्यापासून 15 इंच अलीकडे थांबावे. दोन्ही टोके कडेवर सपाट ठेवून एकावर एक घ्यावीत. त्यांची एकमेकांवर येणारी लांबी पट्टीच्या न दुमडलेल्या रुंदीइतकी, म्हणजे आपल्या उदाहरणात 3 इंच ठेवून जादा भाग कापावा. ही लांबी 1 सूत कमी ठेवली, तर पट्टी किंचित ताठ बसते, आणि ते सैलपणापेक्षा बरे. मग दोन्ही टोकांची घडी उघडावी, गोधडी मध्ये चिमटीने दुमडून जागा करून घ्यावी आणि आधीच्या सांध्यांसारखीच तिरकी टीप घालावी. टीप घालण्यापूर्वी तिथे टाचण्या लावून पट्टीला पीळ पडलेला नाही हे एकदा पाहावे. जादा कापड कापण्यापूर्वी पुन्हा एकदा पाहावे. त्यानंतर सांधा उघडून दाबावा, पट्टी पुन्हा दुमडावी आणि राहिलेला भाग शिवावा.

मागची हातशिलाई

पट्टी मागे वळवण्यापूर्वी समोरच्या बाजूने तिच्या मुळाशी बोटाच्या नखाने किंवा इस्त्रीने घडी पाडून घ्यावी. माया कातरून बारीक करू नये. पट्टी भरीव राहते ती त्या मायेमुळेच. पट्टी मागे वळवल्यावर बोटांनी चाचपून पाहावी. आत पोकळी लागली, तर तिथे गोधडीची कड जास्त कापली गेली आहे असे समजावे आणि सुती कापडाची अरुंद चिंधी आत ठेवून ती भरून काढावी.

मागची दुमडलेली धार शिवणीच्या टिपेवरून सूतभर पुढे यावी. ती चिमट्यांनी किंवा टाचण्यांनी एका वेळी हातभरच बसवावी. दोरा एकेरी आणि हातभर लांबीचा घ्यावा, कारण लांब दोरा घासून विरतो आणि त्याला पीळ पडून गाठी होतात. दोऱ्याचा रंग पट्टीशी जुळवावा, अस्तराशी नव्हे. गाठ पट्टीच्या आत दडवून सुई दुमडीच्या धारेतून वर काढावी, तिच्या बरोबर समोर अस्तराचे दोन-तीन धागेच उचलावेत, आणि सुई पुन्हा दुमडीत घालून आतून सूत-दीड सूत पुढे न्यावी. टाका असा आत चालतो आणि वर दिसत नाही. सुई समोरच्या थरापर्यंत जाऊ देऊ नये. दोरा घट्ट ओढला तर पट्टीवर खळगे पडतात. तो फक्त टेकेल इतकाच ओढावा. जाड गोधडीसाठी मधल्या बोटात अंगुस्तान घालावे, नाहीतर दुसऱ्या बाजूपर्यंत पोहोचेतो बोट सोलवटते.

मागच्या कोपऱ्यात आधी एक बाजू टोकापर्यंत सपाट दुमडावी आणि तिच्यावर दुसरी बाजू तिरक्या घडीने आणावी. समोरची घडी ज्या बाजूला झुकली आहे, त्याच्या उलट बाजूला मागची घडी झुकवावी, म्हणजे जाडी दोन्हीकडे वाटली जाते आणि कोपरा चपटा, टोकदार राहतो. तिरक्या घडीच्या फटीत समोरून आणि मागून दोन-तीन बारीक टाके घालून ती बंद करावी. धुताना कोपरा उघडतो तो याच फटीतून.

रोज धुवायच्या दुपट्याला मागची बाजूही मशीनने शिवायची असेल, तर क्रम उलट करावा. पट्टी आधी मागच्या बाजूला शिवून समोर आणावी आणि समोरून तिच्या धारेजवळ टीप मारावी. समोरची टीप आपल्या डोळ्यांसमोर असते, त्यामुळे ती सरळ येते.

पट्टी पूर्ण झाल्यावर गोधडी पुन्हा सपाट अंथरून कर्ण मोजावेत आणि मग ती एकदा थंड पाण्यात धुऊन सावलीत, शक्यतो दोन दोऱ्यांवर पसरून वाळवावी, म्हणजे सगळे ओझे एका कडेवर येणार नाही. पहिल्या धुण्यानंतर चारही कोपरे आणि शेवटचा सांधा बोटाने चाचपून पाहावा आणि सुटलेला टाका असेल तर तेव्हाच घालावा. उरलेली हात-दोन हात पट्टी टाकून देऊ नये. ती गोधडीच्या मागच्या कोपऱ्याला सैल टाक्यांनी अडकवून ठेवावी आणि गोधडीबरोबरच धुवावी. पुढे कधी किनार एखाद्या जागी विरली, तर जोडायच्या तुकड्याचा रंग तोवर गोधडीच्या किनारीइतकाच उतरलेला असतो.